‘विसरण’ म्हणजे विसरणं का?

खानापूरकर: परवा मावशीच्या अंगावरून वारं गेलं. बेळगावला एमआरआय काढला. रिपोर्टात ‘रिस्ट्रिक्टेड डिफ्युजन’ असं आलंय. भावानं कोश बघून ‘विसरण रोखलेलं’ असा अर्थ सांगितला, तर काका भडकलेच. “ती कुठं काय विसरते? नातवंडांची नावं धडाधड सांगतेय की!” डिफ्युजनला हा शब्द बरोबर आहे का?

येळ्ळूरचा मास्तर: बरोबर आहे, फसतो तो कान. हे विसरण ‘सृ’ धातूचं: सरणं, पसरणं, प्रसार. आपलं रोजचं विसरणं ‘स्मृ’चं, विस्मृतीच्या घरातलं. ते झिजून झिजून याच्यासारखंच झालं.

मेंदूत पाण्याचे रेणू सारखे इकडेतिकडे हलत असतात, तेच हे डिफ्युजन. रक्तवाहिनी तुंबली की पेशींतले पंप थांबतात, पाणी आत शिरतं, पेशी फुगतात आणि मधल्या वाटा चिंचोळ्या होतात. रेणूंची ये-जा मंदावते. तेवढाच भाग डिफ्युजनच्या चित्रात पांढराफटक दिसतो, एडीसी नकाशात (पाणी किती हलतंय ते दाखवणाऱ्या एमआरआयच्या चित्रात) काळा. आणि हे काही मिनिटांत दिसायला लागतं. सीटीत त्या वेळी बहुतेकदा काहीच नसतं. पण रक्तस्राव आहे का ते बघायला आधी सीटीच करतात.

निपाणीकर: गंमत बघा, कन्नड शाळेत पोरं डिफ्युजनला ‘विसरणे’च म्हणतात. त्यांचा गोंधळ होत नाही, कारण विसरायला त्यांच्याकडे ‘मरे’ आहे!

शहापूरकर: माझी तक्रार ‘वारं गेलं’वर आहे. गेलं म्हटलं की सगळं संपल्यासारखं वाटतं, मग तेल चोळत बसतात. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण ४.५ तासांच्या आत लागतं. झोपेतून उठल्यावरच कळलं तर वेळ कशी धरायची? डिफ्युजनमध्ये डाग आहे, फ्लेअरमध्ये (एमआरआयच्याच दुसऱ्या प्रकारच्या चित्रात) अजून उमटला नाही, तर तो बहुधा त्या मुदतीतला असं धरतात.

निपाणीकर: वाऱ्याला का दोष? कन्नडातही पार्श्ववायूच आहे. दवाखान्यात “वारं गेलं” म्हटलं की लगेच समजतात, तेवढं पुरे.

खानापूरकर: मग काकांना ‘डोक्यात पाणी अडलंय’ असं सांगू?

येळ्ळूरचा मास्तर: नको नको! ‘डोक्यात पाणी झालं’ असं ऐकतील, ते दुखणंच वेगळं. ‘त्या भागात पाण्याची हालचाल मंदावलीय’ म्हणा. लांबलचक आहे, पण काका भांडणार नाहीत.