मदत हवी आहे: फ्युनारिया आणि तेरडा, कशासमोर काय मांडू?

एफवायबीएस्सी, बॉटनी. प्रोजेक्टला फ्युनारिया हायग्रोमेट्रिका हे मॉस (बिनफुलांची बारकी वनस्पती) आणि तेरडा यांची तुलना घेतलीय. फ्युनारियाचे वाळवलेले नमुने कॉलेजने दिलेत, तेरडा दारातलाच.

ढोबळ फरक लिहून झालेत. फ्युनारियात मुळांच्या जागी मूलाभ (मुळांसारखे बारीक तंतू), झायलेम-फ्लोएम (पाणी-अन्न वाहणाऱ्या ऊती) नाही, मधली शीर सोडली तर पान एकाच पेशीच्या जाडीचं, पुंयुग्मकाला (नर पेशीला) पोहायला पाणी हवं. एवढं तर कुठल्याही गाइडात मिळतं. गाडी अडलीय ती पुढे.

फ्युनारियाच्या शेंड्यावर लांब दांडा आणि मान टाकलेली संपुटिका (बीजाणूंची डबी) येते. ती तेरड्याच्या बोंडासमोर मांडायची का? जोडी दिसते झकास. लवदार बोंड पिकलं की बोट लागताच फुटतं, पाचही फाका सर्रकन गुंडाळतात आणि बिया उडतात. इकडे संपुटिकेचं झाकण गळलं की दातांची दोन कडी उघडी पडतात, प्रत्येकी 16 दात. कोरड्या संपुटिकेवर हळूच श्वास सोडला तर बाहेरचे दात हलताना भिंगातून दिसतात (नक्की करून बघा, फुकट करमणूक आहे).

पण संपुटिकेतले बीजाणू (ज्यांतून नवं मॉस उगवतं त्या सूक्ष्म पेशी) एकगुणित, म्हणजे गुणसूत्रांचा एकच संच, आणि तेरड्याच्या बियांतला गर्भ द्विगुणित, म्हणजे दोन संच. मग ही जोडी टिकते का? आणि मॉसच्या हिरव्या रोपट्यासमोर तेरड्याचं काय ठेवायचं? सोमवारी व्हायवा आहे, जाणकारांनी सांगा प्लीज.

प्रतिसाद 1
बोंड काढ तिथून. संपुटिकेत अर्धसूत्री विभाजन (गुणसूत्रं निम्मी करणारं) होऊन बीजाणू बनतात. तेरड्यात तेच विभाजन दोन ठिकाणी होतं, परागकोशात आणि बीजांडात. म्हणून संपुटिकेसमोर ही दोन. मॉसचं हिरवं रोपटं म्हणजे गॅमेटोफाइट (युग्मकं बनवणारी, एकगुणित पिढी). तेरड्यात तो परागकण आणि बीजांडातला भ्रूणकोश एवढाच उरलाय. तेरड्याचं अख्खं झाड स्पोरोफाइट (बीजाणू बनवणारी, द्विगुणित पिढी), म्हणजे ते जातं मॉसच्या दांडा-संपुटिकेसमोर. विचित्र वाटेल, पण परीक्षक नेमकं हेच विचारतात. बोंडाचा मोह सुटत नसेल तर 'प्रसार' असा वेगळा रकाना कर.

प्रतिसाद 2
वरच्याशी सहमत. पुरावाही डोळ्यांनी दाखवता येईल. फ्युनारियाच्या पानांवर रंध्रं (हवेची सूक्ष्म छिद्रं) नसतात, पण संपुटिकेच्या बुडाच्या फुगीर भागावर असतात. तेरड्याच्या पानाची खालची साल सोलून तिची स्लाइड शेजारी ठेव. दोन्ही स्पोरोफाइट, दोन्हींवर रंध्रं. आणि संपुटिकेवरची टोपी वेगळ्या रंगाने काढ, ती मातृरोपाची असते, एकगुणित.

धागाकर्ता
दोघांचेही आभार! रंध्रांचं डोक्यातच नव्हतं. तपकिरी, पिकलेल्या संपुटिकेवर दिसतील का?

प्रतिसाद 2
नमुन्यांत एखादी कच्ची, हिरवी असेल तर ती घे. एक लक्षात ठेव, तेरड्यासारख्या दोन रक्षक पेशी शोधत बसू नकोस. फ्युनारियात दोन केंद्रकं असलेली एकच पेशी छिद्राभोवती कड्यासारखी असते.