लस-प्रतिसादाच्या गणिती मॉडेलसाठी अनुदान: बडोद्यातून अर्ज कुठे करावा, कसा मांडावा?

गणिती_बडोदेकर

राज्य विद्यापीठात उपयोजित गणित शिकवतो. वैद्यकीय महाविद्यालयातल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या सहकारी मॅडमबरोबर एक प्रपोजल लिहितोय. थोडक्यात असं: नर्सिंगचे 120 विद्यार्थी घ्यायचे, ज्यांची हिपॅटायटिस-बी विरोधी अँटिबॉडी 10 मिली-आययूच्या खाली आहे. त्यांना एक बूस्टर द्यायचा आणि 0, 28 व 180 व्या दिवशी रक्त घ्यायचं. त्यावर स्मृतिपेशी, अँटिबॉडी बनवणाऱ्या अल्पायुषी प्लाझ्मा पेशी, दीर्घायुषी प्लाझ्मा पेशी आणि अँटिबॉडी असं चार समीकरणांचं मॉडेल बसवायचं. 3 वर्षांचं बजेट 55 लाख झालंय, त्यात 22 लाख जीपीयू (जड गणनेच्या चिपच्या) सर्व्हरचे.

प्रश्न तीन. एक, केंद्राच्या अनुदान देणाऱ्या संस्थांपैकी एएनआरएफ (सर्व विज्ञानशाखा), आयसीएमआर (वैद्यकीय) की डीबीटी (जैवतंत्रज्ञान)? दोन, अमेरिकेतला एक गट एनआयएच या तिथल्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेकडे एकत्र अर्ज करू म्हणतोय, त्यात पडावं का? तीन, परीक्षक कुठे पकडतील? सगळ्यात जास्त उत्तर तिसऱ्याचं हवंय.

सुरसागर_काठ

तिसऱ्यापासूनच सुरू करू, कारण पहिल्याचं उत्तर त्यावर ठरतं.

तुमच्या तीन तारखांमध्ये हे मॉडेल मावत नाही. अँटिबॉडीचं समीकरण म्हणजे उत्पादन वजा ऱ्हास. उत्पादन म्हणजे पेशींची संख्या गुणिले दर पेशीचा स्राव. तुम्ही मोजताय फक्त अँटिबॉडी. मग संख्या दुप्पट आणि स्राव निम्मा केला तरी वक्ररेषा तीच राहते. नमुने हजार घेतले तरी हे दोन आकडे वेगळे निघणार नाहीत, कारण अडचण डेटाच्या तुटवड्याची नाही, मॉडेलच्या रचनेची आहे. यावर दोनच उपाय. एक तर गुणाकारालाच एक पॅरामीटर मानायचं, नाहीतर पेशी स्वतंत्र मोजायच्या.

दुसरा घोळ तारखांचा. आयजीजीचं (रक्तातल्या मुख्य प्रकारच्या अँटिबॉडीचं) अर्धायुष्य साधारण 21 दिवस, म्हणजे ऱ्हासदर दिवसाला 0.033. अल्पायुषी प्लाझ्मा पेशी काही दिवस ते काही आठवडे टिकतात. 28 आणि 180 च्या मध्ये एकही बिंदू नसेल, तर सुरुवातीचा उतार कशाने आला हे कळायला मार्ग नाही. आयजीजीचा दर 0.033 वर पक्का करा, तो अंदाजायच्या भानगडीत पडू नका. बाकीच्यांसाठी प्रोफाइल लाइकलिहूड (एकेक पॅरामीटर हलवून जुळणी किती बिघडते ते बघायची पद्धत) काढा आणि तो आलेख प्रपोजलमध्येच छापा. एखाद्या पॅरामीटरची रेघ एका बाजूला सपाट पडत गेली, तर तो पॅरामीटर काढून टाका. हा आलेख नसला की माहीतगार परीक्षक पहिला प्रश्न हाच टाकतो.

रक्त घ्यायचे दिवस असे वाटून पाहा. 0 आणि 28 ला सगळे 120. उरलेल्या भेटी चाळीस-चाळीसच्या तीन गटांत: पहिला गट 7 आणि 90, दुसरा 14 आणि 180, तिसरा 56 आणि 365. दर माणशी चारच नमुने, एकूण 480. मिश्र-परिणाम मॉडेल (सगळ्यांची सामाईक रेषा आणि व्यक्तीगणिक फरक एकत्र बसवणारं) असे विरळ नमुने व्यवस्थित जोडून घेतं. मोनोलिक्स सॉफ्टवेअर किंवा आर भाषेतलं एनएलमिक्सआर पॅकेज, दोन्हींत जमतं. आधी 200 बनावट डेटासंच तयार करून तेच मॉडेल परत बसवा आणि घातलेले आकडे परत मिळतात का ते बघा. खर्च शून्य, आणि प्राथमिक निष्कर्षांचा रकाना भरतो.

आता 28 व्या दिवसाबद्दल. बूस्टरनंतर टायटर (अँटिबॉडीची पातळी) तेव्हा शिखराच्या आसपास असतो आणि हजारांत जातो. बऱ्याच किटची वरची मर्यादा 1000 मिली-आययू असते. सगळे आकडे "1000 पेक्षा जास्त" असे आले की शिखराची उंचीच गेली. 1:10 आणि 1:100 अशी पातळ करून परत चाचणी करायची तरतूद ठेवा. खालच्या टोकाला मर्यादेखालच्या आकड्याच्या जागी तिची निम्मी किंमत घालायची पद्धत आहे, ती मोडा. सेन्सॉर्ड (मर्यादेखाली, नेमका आकडा अज्ञात) म्हणूनच मॉडेलला द्या, नाहीतर ऱ्हासदर चुकतो.

रावपुरा_लॅब

वरचं गणित मान्य. पण त्याआधी एक मोठा खड्डा आहे, तो कुणी पाहिलेला दिसत नाही.

"10 च्या खाली" म्हणजे "लहानपणी लस घेतली आणि आता पातळी उतरली" असं तुम्ही धरून चाललाय. हिपॅटायटिस-बीची लस सरकारी कार्यक्रमात 2002-03 मध्ये काही शहरांत आणि जिल्ह्यांत प्रायोगिक म्हणून आली, सगळ्या देशभर 2011 च्या सुमारास. आज नर्सिंगला असलेली वीस वर्षांची मुलगी 2005-06 च्या आसपास जन्मलेली. तिला बाळपणी ही लस मिळाली असेलच असं नाही. ज्यांना कधीच मिळाली नाही, त्यांचा प्रतिसाद बूस्टरचा नसून पहिल्या डोसचा असतो: 28 व्या दिवशी जेमतेम हलतो. त्यांना 0, 1, 6 महिन्यांचा पूर्ण कोर्सच द्यावा लागतो.

म्हणजे तुमच्या 120 जणांत दोन वेगळ्या प्रकारचे लोक मिसळणार. मिश्र-परिणाम मॉडेल लॉग-नॉर्मल (एकच उंचवटा असलेली) वाटणी धरून बसतं आणि इथे येतील दोन उंचवटे. सॉफ्टवेअर तक्रार करणार नाही. व्यक्ती-व्यक्तीतला फरक प्रचंड दाखवून मोकळं होईल, आणि तुम्ही त्यालाच जीवशास्त्र समजाल.

म्हणून ममता कार्ड किंवा लसीकरणाची नोंद बघा. नोंद नसेल तर त्या व्यक्तीला वेगळ्या गटात टाका. पहिल्याच रक्तात एचबीएसएजी (सध्याचा संसर्ग दाखवणारं विषाणूचं प्रतिजन) आणि अँटी-एचबीसी टोटल करा. अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह म्हणजे संसर्ग होऊन गेलाय किंवा आहे, अशी व्यक्ती अभ्यासात नको. एचबीएसएजी पॉझिटिव्ह निघाली तर समुपदेशन कोण करणार, पुढे कुठे पाठवणार आणि महाविद्यालयाला कळणार की नाही, हे एथिक्स कमिटी विचारणारच. उत्तर आधीच लिहून ठेवा. 120 हवेत म्हणजे किती जण तपासावे लागतील याचा खर्चही बजेटमध्ये दिसत नाही.

विद्यार्थी हा आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत असुरक्षित गट आहे. संमती त्यांना शिकवणाऱ्या मॅडमनी घ्यायची नाही. बूस्टर अभ्यासाचा भाग म्हणून देताय, तेव्हा पहिल्या सहभागीच्या आधी सीटीआरआयवर (क्लिनिकल चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत) नोंदणी हवी. नंतर केलेली चालत नाही.

अँटिबॉडी मोजायच्या एलिसा चाचणीच्या प्लेटचा हिशेब करा. 96 विहिरी (खळगे), त्यातल्या 16 स्टँडर्ड आणि कंट्रोलला. उरल्या 80. डुप्लिकेटमध्ये 40 नमुने, म्हणजे दहा माणसांचे चार-चार. 120 जणांना 12 प्लेट, पातळ करून परत लावायला आणखी चार धरा. एका माणसाचे सगळे नमुने एकाच प्लेटवर गेले पाहिजेत. त्यासाठी 365 व्या दिवसापर्यंत सीरम लहान ॲलिकॉटमध्ये (वाटून ठेवलेल्या नळ्यांत) उणे 80 अंशांना ठेवायचं आणि शेवटी एकदम चालवायचं. दर भेटीची वेगळी प्लेट केली की बॅचचा फरक आणि काळाचा फरक एकमेकांत मिसळतात, मग कुठलंही मॉडेल ते सोडवू शकत नाही.

भेटींची तारीखवार यादी काढताना नवरात्र, दिवाळीची सुट्टी आणि उत्तरायण आधी वगळा. नवरात्रात सकाळी आठला रक्त द्यायला कोण येणार? 7 व्या दिवसाची भेट दोन दिवस सरकली तरी ती 9 व्या दिवसाची होते. मॉडेलमध्ये ठरलेला दिवस न घालता प्रत्यक्ष दिवस घाला.

सुरसागर_काठ

लसीकरणाच्या इतिहासाचा मुद्दा अगदी बरोबर, माझ्याकडून सुटला होता.

पेशी मोजायच्या झाल्या तर 7 व्या दिवशी रक्तातले प्लाझ्माब्लास्ट (नुकत्याच बनलेल्या, अँटिबॉडी स्रवणाऱ्या पेशी) शिखराजवळ असतात. पहिल्या गटातल्या 24 जणांवर एलिस्पॉट (स्रवणाऱ्या पेशी मोजायची चाचणी) केलं तरी स्राव आणि संख्या वेगळी करायला आधार मिळतो.

रावपुरा_लॅब

इथे मी असहमत. एलिस्पॉट कागदावर छान दिसतं. प्लाझ्माब्लास्ट गोठवल्यावर नीट टिकत नाहीत, म्हणून ताज्याच पेशी लावाव्या लागतात. हेपरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीतलं रक्त आठ तासांच्या आत वेगळं व्हायला हवं, तेही बर्फावर न ठेवता, 18 ते 25 अंशांत. थंड केलं की ग्रॅन्युलोसाइट (नको असलेल्या पांढऱ्या पेशी) हव्या त्या पेशींच्या थरात मिसळतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा 42 वर असताना स्कूटरच्या डिकीतून नळ्या नेणं म्हणजे नमुना उकडणं. इन्सुलेटेड डबा, त्यात 22 अंशांचे जेलपॅक आणि तापमान नोंदवणारा लॉगर लागतो. एका दिवसात दोन माणसं मिळून आठ-दहा नमुन्यांपलीकडे जात नाहीत. अशी दोन तयार माणसं नसतील तर गुणाकाराचा एकच पॅरामीटर ठेवा आणि तसं स्पष्ट लिहा. अर्धवट एलिस्पॉटपेक्षा ते बरं.

कोठी_कचेरी

पैशाचं बोलतो, ते सगळे शेवटी विचारतात.

22 लाखांचा जीपीयू काढून टाका. चार समीकरणं आणि 120 माणसं यांना 32 कोअरचं आणि 128 जीबी मेमरीचं वर्कस्टेशन पुरतं. एक फिट काही मिनिटांत होतो. जास्त लागलंच तर गांधीनगरला आयआयटीत परम अनंत आहे, 838 टेराफ्लॉपचं, 2022 पासून. राष्ट्रीय सुपरकम्प्युटिंग मिशनचं असल्यामुळे बाहेरच्या संस्थांनी तिथे वेळ मागावा आणि प्रपोजलमध्ये तसं लिहावं. परीक्षकाला ते पटतं. गरज नसलेला जीपीयू दिसला की त्याला वाटतं, यांना मशीन हवंय, प्रश्न नकोय.

माणसाचा खर्च असा. महिन्याला जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलो) 37,000, एसआरएफ (वरिष्ठ) 42,000, 2023 पासूनचे दर. बडोदा घरभाड्यासाठी वाय वर्गातलं शहर, महागाई भत्ता 50 टक्क्यांवर गेल्यापासून एचआरए (घरभाडे भत्ता) 20 टक्के. म्हणजे जेआरएफला महिन्याला 44,400, वर्षाला 5,32,800. दोन वर्षं जेआरएफ आणि तिसरं एसआरएफ धरलं तर 16,70,400. हा आकडा बरेच जण एचआरए विसरून लिहितात आणि तिसऱ्या वर्षी अडकतात. उपकरणांच्या कोटेशनवर जीएसटी 18 टक्के धरा. संशोधन संस्थांची 5 टक्क्यांची सवलत जुलै 2022 मध्ये गेली, पण जुन्या प्रपोजलची नक्कल करणाऱ्यांना अजून पत्ता नाही.

एजन्सीबद्दल. एएनआरएफचं मॅट्रिक्स हे गणितवाल्यांसाठीचं अनुदान वर्षाला 2 लाख देतं, 3 वर्षं. त्यात रक्त, किट आणि माणूस यांतलं काहीच बसत नाही. निव्वळ आयडेंटिफायबिलिटीचं (डेटावरून पॅरामीटर वेगळे निघतात का याचं) गणित वेगळं काढायचं असेल तर ते उत्तम, आणि गणितवाल्यांनी ते वेगळं काढावंच. नवीन नोकरीत असाल तर पंतप्रधान अर्ली करिअर ग्रँट बघा, 60 लाखांपर्यंत. नमुन्यांसकट पूर्ण काम असेल तर आयसीएमआरची स्मॉल ग्रँट जवळची वाटते. तिथे मुख्य अर्जदार मॅडम आणि सहअर्जदार तुम्ही असं उलटं करा. डीबीटीला ई-प्रोमिस पोर्टलवर अर्ज जातो, पण त्यांच्या मागणीपत्रात (अर्ज मागवणाऱ्या जाहिरातीत) विषय बसतोय का ते आधी बघा. ओढूनताणून बसवलेलं लगेच कळतं. गुजरात स्टेट बायोटेक्नॉलॉजी मिशनलाही विचारून ठेवा.

प्रतापनगर_७

एनआयएचबद्दल. 1 मे 2025 ला त्यांनी जाहीर केलं की परदेशी संस्थेला उपअनुदान असलेले अर्ज नव्या रचनेशिवाय मंजूर होणार नाहीत. नव्या रचनेत परदेशी भाग हा मुख्य अनुदानाला जोडलेला पण स्वतंत्र प्रकल्प होतो. म्हणजे "आमच्या बजेटातून तुम्हाला देतो" हे जुनं वाक्य आता चालत नाही. तुमच्या मित्रांनी कुठल्या मागणीपत्राखाली अर्ज करतोय ते आधी सांगावं.

तरीही गेलात तर विद्यापीठाला एनकेज (संस्थेचा कोड), मग सॅम (अमेरिकी सरकारच्या यादीतली) नोंदणी आणि यूईआय (संस्थेचा ओळख क्रमांक), मग ईआरए कॉमन्स (एनआयएचचं अर्ज-पोर्टल), याच क्रमाने. संस्थेचं नाव आणि पत्ता तिन्हीकडे अक्षर न अक्षर सारखा हवा. एकीकडे बडोदा आणि दुसरीकडे वडोदरा लिहिलं की नोंदणी आठवडे लटकते. ओव्हरहेड (संस्थेचा सामायिक खर्च) परदेशी संस्थेला 8 टक्केच. इथे आयसीएमआरमधून एचएमएससीची (परदेशी सहकार्याचे आरोग्य-संशोधन प्रकल्प तपासणाऱ्या समितीची) मंजुरी लागते. एफसीआरएमधून (परदेशी निधीच्या कायद्यातून) कायद्याने स्थापन झालेल्या आणि कॅगकडून ऑडिट होणाऱ्या संस्थांना सूट आहे. तुमचं विद्यापीठ त्यात बसतं का ते रजिस्ट्रार ऑफिसकडून लेखी घ्या.

पैसे न घेता सहकार्य करायला यातलं बरंच लागत नाही. इमपोर्ट या रोगप्रतिकारशास्त्राच्या डेटा-संकेतस्थळावरचा हिपसी या संशोधन-समूहाचा इन्फ्लुएन्झा लसीचा डेटा नोंदणी करून मोफत मिळतो, 0, 7 आणि 28 व्या दिवसांच्या मोजमापांसकट. त्यावर मॉडेल चालवून दाखवा.

गणिती_बडोदेकर

सगळ्यांचे आभार. जीपीयू काढला. मॅडम मुख्य अर्जदार होताहेत. लसीकरण नोंद असलेल्यांचा एक गट आणि नसलेल्यांचा वेगळा, असं करतोय. एलिस्पॉट सोडतोय. एक शेवटचं: मंजुरी जानेवारीत आली तर पहिल्या हप्त्याचं काय?

कोठी_कचेरी

पहिला हप्ता शून्य-शिल्लक खात्यातून (जिथे पैसे न येता फक्त खर्चाची मर्यादा मिळते) येत असेल तर 31 मार्चला न वापरलेली मर्यादा संपते. मंजुरीचं पत्र हातात येताच किटची मागणी आणि जेआरएफची जाहिरात एकाच आठवड्यात काढा. कोटेशन आत्ताच घेऊन ठेवा, पण त्यांची वैधता जानेवारीपर्यंत पुरेल ना ते बघा. किट पुरवठादाराकडून डिलिव्हरी दोन टप्प्यांत घ्या, दुसरा टप्पा एप्रिलनंतर, कारण तुमच्या प्लेट शेवटी एकदम चालणार आणि आधी घेतलेल्या एलिसा किटची मुदत तोवर संपलेली असेल. दुसऱ्या हप्त्याआधी युटिलायझेशन सर्टिफिकेट जीएफआर 12-अ नमुन्यात लागतं. त्यातला खर्च आणि पीएफएमएसमधला (सरकारी निधीच्या ऑनलाइन नोंदीतला) खर्च एक रुपयानेही वेगळा असेल तर ते परत येतं.

रावपुरा_लॅब

आणि शेवटी एकदम चालवायच्या त्या सगळ्या प्लेट एकाच लॉटच्या किटच्या हव्यात. ऑर्डरवर तसं लिहून घ्या.