बेसिनखालचा पाइप गळतोय: वॉशर बदलून भागेल की सगळंच काढावं लागेल?

सदाशिवपेठी
बाथरूममधल्या वॉश बेसिनखाली पाणी ठिबकतंय. बेसिनला ओव्हरफ्लोचं भोक आहे. खाली पितळी कपलिंग (बेसिनच्या भोकात बसणारी निचऱ्याची नळी), त्याला पांढरा प्लॅस्टिकचा बॉटल ट्रॅप (थोडं पाणी धरून वास अडवणारा बाटलीसारखा भाग) आणि तिथून सव्वा इंची फ्लेक्सिबल पाइप भिंतीत गेलाय. प्लंबरने ट्रॅपच्या वरच्या नटावर एम-सील थापून दिलं होतं. काही दिवस बरं चाललं, आता ट्रॅपच्या बुडाशी पुन्हा थेंब लोंबतोय. तो म्हणतो, सगळंच बदला. खरंच गरज आहे का? आणि घरच्या घरी करायचं तर सामान काय आणू?

पाना१२
आधी सामान आणू नका, आधी गळती शोधा. थेंब बुडाशी दिसतो म्हणून बूड गळतंय असं नसतं. पाणी वरून ओघळत येतं आणि सगळ्यात खालच्या टोकाला लोंबतं.

कपलिंगपासून भिंतीपर्यंत सगळं फडक्याने कोरडं पुसा. मग नळ न उघडता अर्धा तास थांबा. तरीही ओल आली तर ड्रेनचा दोष नाही, अँगल कॉक (भिंतीवरचा छोटा नळ) किंवा तिथून वर जाणारा कनेक्शन पाइप तपासा. कोरडं राहिलं तर बुच लावून बेसिन ओव्हरफ्लोच्या भोकाच्या खालपर्यंत भरा आणि प्रत्येक जोडाला टिश्यू पेपर टेकवून बघा. नुसतं भरल्यावर कपलिंगखाली ओल आली तर बेसिनमधल्या जाळीच्या कडेखालचं सील गेलंय. मग पाणी आणखी चढवून ओव्हरफ्लोमधून वाहू द्या. तेव्हाच ओल आली तर कपलिंगच्या चेकनटावरचा (बेसिनच्या खालून आवळलेल्या नटावरचा) रबर वॉशर गेला. शेवटी बुच काढून सगळं पाणी एकदम सोडा. ट्रॅप, पाइप आणि भिंतीचा जोड यांची खरी परीक्षा तेव्हाच होते, बारीक धारेत हे दोष कळत नाहीत.

आठवा_मजला
एम-सील ओल्या किंवा साबण बसलेल्या प्लॅस्टिकवर धरत नाही, आणि धरलं तर नट कायमचा चिकटतो. तुमचा ट्रॅप आता त्या नटापाशी हॅकसॉ ब्लेडने कापूनच निघेल, म्हणजे ट्रॅप नवा आणावाच लागणार. पितळी कपलिंगची चूड (आटे) शाबूत असेल तर तिला हात लावायचं कारण नाही. ब्लेड मात्र त्या चुडीवर जाऊ देऊ नका: नटाला तिरका काप घ्या, चूड दिसायच्या आत थांबा आणि स्क्रूड्रायव्हरने पिळून नट फोडा.

सामान: ३२ मि.मी.चा बॉटल ट्रॅप, वॉशरचा जादा सेट, सव्वा इंची वेस्ट पाइप आणि भिंतीतल्या पाइपच्या तोंडात बसणारं रबरी ग्रोमेट. भिंतीतला पाइप बहुधा ४० किंवा ५० मि.मी.चा असतो, आतला व्यास मोजूनच दुकानात जा.

कपलिंग आणि ट्रॅपच्या जोडात चपटा वॉशर येतो. पाइप आत सरकतो त्या जोडात शंकूसारखा उतरता वॉशर असतो. त्याची निमुळती बाजू ट्रॅपच्या तोंडाकडे आणि सपाट बाजू नटाकडे हवी. उलटा बसला की नट कितीही आवळा, गळणारच. अशा नटावर टेफ्लॉन टेपचे वेढे देऊनही उपयोग नसतो, कारण तिथे पाणी वॉशर अडवतो, चूड नाही. प्लॅस्टिकचा नट हाताने घट्ट करून वर जेमतेम पाव फेरा द्या. पाइप पान्याने आवळलेले नट लगेच नाही, पण काही आठवड्यांनी तडकतात.

खाली बादली ठेवूनच ट्रॅप काढा. आणि ट्रॅपच्या काढलेल्या खालच्या कपातलं पाणी सवयीने त्याच बेसिनमध्ये ओतू नका!

सदाशिवपेठी
चाचणी केली. नळ बंद असताना कोरडं. बेसिन भरल्यावर कोरडं. ओव्हरफ्लो वाहतानाही कोरडं. सगळं पाणी एकदम सोडलं की एम-सीलच्या कडेने झिरपतं, आणि भिंतीत पाइप जातो तिथूनही पाणी उलटं बाहेर येतं. खालच्या नहाणी ट्रॅपच्या (फरशीतल्या निचऱ्याच्या भोकाच्या) जाळीतून मात्र काही वर येत नाही.

पाना१२
म्हणजे दोन वेगळे दोष आहेत. झिरपणं नव्या ट्रॅपने थांबेल. भिंतीतून पाणी उलटतंय ते पुढे अडतंय म्हणून. नहाणी ट्रॅप तुंबला असता तर पाणी जाळीतूनही वर आलं असतं. ते येत नाही, तेव्हा अडथळा भिंत आणि नहाणी ट्रॅप यांच्यामधल्या तुकड्यात आहे. तिथे केस, टूथपेस्ट आणि साबणाचा लगदा साचतो. तोंडावर व्हाइट सिमेंट किंवा सिलिकॉन मारून हा दोष बुजवू नका. मग ते पाणी भिंतीत मुरेल आणि खालच्या मजल्याच्या छताला डाग पडेल.

फ्लेक्सिबल पाइप बाहेर काढा आणि भिंतीच्या तोंडातून ड्रेन स्प्रिंग (तुंबलेला पाइप मोकळा करायची लांब लवचिक तार) फिरवत आत सोडा. अडलं की जोराने ढोसू नका, फिरवतच मागे-पुढे करा. मग मगाने पाणी ओतून बघा, तुंबत नाही ना. ॲसिड ओतायचं नाही: क्रोम आणि पितळ खातं, आणि आधी कॉस्टिकचं ड्रेन क्लीनर टाकलेलं असेल तर पाणी उसळून अंगावर येतं.

कोकणी_काजू
एक भर घालतो. फ्लेक्सिबल पाइप लांब राहिला म्हणून त्याचा झोळ खाली सोडू नका. त्याच्या वळ्यांमध्ये गाळ बसतो आणि दुसरा ट्रॅप तयार होतो. जास्तीचा पाइप वळीच्या खाचेतून सरळ कापा आणि ट्रॅपपासून भिंतीपर्यंत सतत उतार ठेवा. भिंतीत किमान दोन इंच आत जाऊ दे, पण आतल्या एल्बोला (पाइपच्या वळणाला) टेकेल इतका ढकलू नका. टोक टेकलं की वाट अरुंद होते आणि पाणी पुन्हा उलटतं.

पुढेमागे कपलिंगचं सिलिकॉन बदलायची वेळ आली तर न्यूट्रल प्रकारचं घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन पितळ काळवंडवतं आणि संगमरवरी कट्ट्यावर डाग पाडतं. लावल्यावर २४ तास बेसिन वापरायचं नाही.

पाना१२
बरोबर. जोडणी झाली की भरलेलं बेसिन एकदम सोडायची चाचणी पुन्हा करा, आणि ती गरम पाण्यानेही करा. गरम पाण्याने प्लॅस्टिकचा नट किंचित सैल पडतो. तेव्हा ओल दिसली तर हातानेच थोडा आवळा.