शब्दचर्चा : पेल एलची चव मराठीत कशी सांगावी?

प्रश्न, म्हापशाहून : एका छोट्या ब्रुअरीसाठी पेल एल या बिअरच्या चवीचं वर्णन लिहिते आहे. कोकणी आणि इंग्रजी मजकूर झाला, मराठीवर अडले. 'पेल' म्हणजे फिका लिहावं, तर वाचणारा बेचव समजेल. फिका चहा, फिकी आमटी म्हणतो तसं. आणि ही तर चांगली कडू असते! पण नुसतं 'कडू' म्हटलं की लोकांना कारल्याचा रस आठवतो. 'कडवट' चालेल की 'कडसर'? 'टेस्टिंग'लाही शब्द सुचवा.

डिचोलीहून : ताई, 'फिका' नकोच, तो रंगाला आणि चवीला दोन्हीकडे लागतो. 'फिकट' रंगापुरता आहे, पण पेल्यात दिसतो तो मधाचा रंग, त्याला फिकट कोण म्हणेल? हे नाव मुळात तुलनेचं आहे. इंग्लंडमध्ये सातूचा माल्ट, म्हणजे मोड आणलेलं धान्य, लाकडाच्या आगीवर वाळवत, तो करपून तपकिरी होई. सतराव्या शतकात दगडी कोळशापासून केलेला कोक वापरात येऊ लागला, माल्ट उजळ निघू लागला. जुन्या काळपट एलपुढे ही उजळ, म्हणून पेल. नाव तसंच ठेवा आणि स्त्रीलिंगी चालवा : ती बिअर, ती फेणी, ती एल.

'कडवट' मात्र टाळा. कडवट बोलणं, कडवट अनुभव, या शब्दाला तक्रार चिकटली आहे. '-सर' नुसती छटा दाखवतो. लालसर, गोडसर, तसं कडसर.

फोंड्याहून : मी याच धंद्यात आहे. 'कडसर' कमी पडेल. कडूपणा हा पेल एलचा कणा, छटा नव्हे. हॉप्स ही वेलीची फुलं. ती उकळीच्या सुरुवातीला टाकून तासभर उकळली की कडूपणा उतरतो. शेवटी टाकली तर वास टिकतो, कडूपणा थोडाच येतो. म्हणून चव आणि वास वेगळे लिहा. अमेरिकेत १९७२ साली 'कॅस्केड' नावाचं हॉप्स वाण आलं, तिकडच्या पेल एलची ओळख त्याच्या वासानं घडली. तो वास आपल्याला परका नाही. चवथीला गणपतीवरच्या माटोळीला, फळाफुलांच्या चौकटीला, पपनस बांधताना सालीला नख लागतं ना, तो.

एक कळकळीची विनंती : 'तुरट' लिहू नका. कितीतरी गिऱ्हाइकं कडूला तुरट म्हणतात. तुरट म्हणजे काजूचा बोंडू. जीभ आकसते, घसा धरतो. कडू तसं करत नाही. ते घोट गिळल्यावर उमटतं आणि रेंगाळतं. पेल एल बोंडवासारखी तुरट लागली तर बहुधा धान्य फार गरम पाण्यानं धुतलंय आणि टरफलातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, उतरलंय. तो दोष आहे. तुम्ही कौतुक म्हणून लिहाल आणि जाणकार चूक म्हणून वाचेल. बर्फासारखी गार देऊ नये, हेही लिहा, वास मरतो.

डिचोलीहून : हे पटलं, 'कडसर' मागे घेतो. टेस्टिंगला 'चाखणे'. 'चव बघणे' स्वयंपाकघरातलं, मीठ बरोबर आहे का हे तपासणारं. 'आस्वाद' गाण्यालाही चालतो, फार पसरट. 'चाखणे' म्हणजे थोडं घेऊन लक्ष देणं. बारमधला 'चखणा' आठवेल, आठवू दे.

पणजीहून : मला जास्त खटकतं ते नाम. गोडाला 'गोडवा' आहे, ऐकूनच बरं वाटतं. कडूला 'कडूपणा', 'कडवटपणा'. 'पणा' लागला की दुर्गुण सांगितल्यासारखं होतं. कोकणीत मात्र 'गोडसाण' तशीच 'कोडसाण', एकाच साच्यातल्या सख्ख्या बहिणी. खरं तर आपल्याला कडूचं वावडं कधीच नव्हतं. पाडव्याला कडुलिंब खातो, बाळंतिणीला मेथीचे लाडू देतो. कडवे वाल तर नावासकट आवडीनं आणतो, 'कडवे' म्हणताना कुणाचं तोंड वाकडं होत नाही. चव आहे, हौस आहे, फक्त प्रेमानं घ्यायचं नाम नाही. शेजारच्या घरात तयार आहे, तर मागायला लाज कसली?

म्हापशाहून : सगळ्यांचे आभार. आता असं लिहिलंय :

'मधाच्या रंगाची पेल एल. आधी वास घ्या : पपनसाची साल. पहिल्या घोटात भाजक्या सातूची गोडी, मग स्वच्छ कोडसाण, गिळल्यावरही जिभेवर राहणारी. फार गार करू नका. सावकाश चाखा.'

'कोडसाण'ला अवतरणचिन्ह घातलेलं नाही, कंसात अर्थही दिलेला नाही.