चॉकलेट केकचा फोटोत काळा गोळा होतो, क्रीम पिवळं पडतं

खमीर:
घरी केलेल्या केक-पावाचे फोटो मोबाइलवर काढते. ओट्यावरच्या दिव्याखाली पांढरं क्रीम पिवळट येतं. चॉकलेट केक पांढऱ्या ताटलीत ठेवला की नुसता काळा दिसतो, आतली जाळी कळतच नाही. जवळून काढला तर तीन थरांचा केक वर फुगलेला आणि खाली निमुळता येतो. कॅमेरा घ्यायचा नाहीये. शिवाय कापलेला तुकडा स्वच्छ कसा दिसेल?

कवडसा:
मोबाइल पुरेसा आहे. आधी घरातले सगळे दिवे बंद करा. पिवळा बल्ब साधारण २७०० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळा), दिवसाचा उजेड ५५०० च्या आसपास. दोन्ही एकत्र पडले की पांढरं म्हणजे नेमकं कोणतं, हे फोनला ठरवता येत नाही.

टेबल खिडकीशी न्या आणि उजेड बाजूने किंवा किंचित मागून येऊ द्या. जाळी आणि पावावरच्या भेगा दिसतात त्या त्यांच्या बारीक सावल्यांमुळे. समोरून उजेड पडला की त्या सावल्याच पुसल्या जातात. थेट ऊन असेल तर मध्ये पातळ पांढरा पडदा किंवा बटर पेपर. खिडकीच्या विरुद्ध बाजूला, केकपासून वीतभरावर पांढरा थर्मोकोल उभा करा, तो सावलीच्या बाजूवर उजेड परत टाकतो. स्क्रीनकडे बघत तो पुढेमागे सरकवा. पांढऱ्या क्रीमला मात्र त्याच जागी काळा कागद लावून बघा, कडा छान उठून येतात.

काळ्या गोळ्याचं मूळ बहुतेक त्या पांढऱ्या ताटलीत आहे. चौकटीत पांढरं जास्त असलं की फोन एकूण उजेड कमी करतो आणि गडद केक आणखी बुडतो. राखाडी किंवा लाकडी रंगाचं काहीतरी खाली घ्या. केकवर बोट दाबून धरून फोकस-एक्स्पोजर (फोटोतला एकूण उजेड) लॉक करा, मग स्क्रीनवरची उजेडाची पट्टी थोडी वर सरकवा. उलट, पूर्ण चौकट गडद असेल तर फोन चॉकलेट फिकट करून टाकतो. तेव्हा उजेड खाली.

तिसरा थर:
वर फुगण्याचं कारण लेन्स आणि कोन. फोनची मुख्य लेन्स बरीच वाइड असते, त्यामुळे जवळ गेलं की जवळचा भाग मोठा दिसतो. २एक्सवर (दुप्पट झूम) ठेवा आणि मागे सरका. थरांच्या केकला फोन केकच्या मध्याइतक्या उंचीवर, अजिबात न झुकवता धरा. कपकेकला ३० ते ४५ अंश, कुकीज आणि टार्टला बरोबर वरून. पोर्ट्रेट मोड टाळाच, तो क्रीमच्या टोकांच्या कडा खाऊन टाकतो.

दातेरी सुरी:
तुकड्याबद्दल. केक पूर्ण गार करून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. क्रीमच्या केकला लांब पात्याची सुरी गरम पाण्यात बुडवून, कोरडी पुसून घ्या आणि प्रत्येक कापानंतर पुन्हा पुसा. न पुसता कापलं तर गडद चुरा पांढऱ्या क्रीमवर ओढला जातो आणि तो मागाहून निघत नाही. क्रीम नसलेल्या स्पंजला दातेरी सुरी, न दाबता.

दमट हवेत फ्रीजमधून काढलेल्या गनाशवर (चॉकलेट आणि क्रीमचा लेप) पाण्याचे थेंब धरतात. म्हणून रिकामी ताटली ठेवून चौकट आणि उजेड आधीच पक्का करा, केक शेवटी आणा. पिठीसाखर तर अगदी फोटोआधी भुरभुरवा, ओल शोषून ती दिसेनाशी होते. मोठा पाव गरम असताना कापू नका. आतला स्टार्च बसलेला नसतो आणि जाळीचा लगदा होतो. दोनेक तास तरी थांबा.

खमीर:
ताटलीचं लक्षातच आलं नव्हतं. केक तयार होतो तो संध्याकाळी, तेव्हा काय करावं?

कवडसा:
एकच दिवा वापरा: ५००० ते ५५०० केल्विनचा एलईडी, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० च्या वर. तो बाजूला ठेवून मध्ये बटर पेपर ताणा. पेपर दिव्यापेक्षा केकच्या जवळ आणि आकाराने मोठा हवा, तरच सावली मऊ पडते. बाकी दिवे बंदच.

दातेरी सुरी:
सकाळपर्यंत थांबता येत असेल तर कापलेल्या बाजूला क्लिंग फिल्म चिकटवून ठेवा. फोटोआधी त्या बाजूचा २-३ मिमीचा पातळ काप काढून टाका, खाली ताजी ओलसर जाळी मिळते.