घोडबंदर रोड सोडून कोपरी, नेरूळ की थेट दादर? सल्ला हवा आहे

सप्रेम नमस्कार. आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडवर कासारवडवलीला स्वतःच्या दोन बेडरूमच्या घरात राहतो. माझे कार्यालय फोर्टमध्ये, सीएसएमटीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि पत्नीचे ऐरोलीत. मुलगा तिसरीत आहे, आणि आईला गुडघेदुखीमुळे जिने चढणे जमत नाही. हे घर भाड्याने देऊन येत्या जूनपूर्वी दुसरीकडे अकरा महिन्यांच्या करारावर राहायला जावे, असे आम्ही ठरवले आहे. कुठे जावे, यावर मात्र घरात एकमत होत नाही.

लोकलबद्दल माझी फारशी तक्रार नाही. गर्दी असली तरी ठाण्याहून जलद लोकल सीएसएमटीला किती वाजता पोहोचवेल, याचा अंदाज बांधता येतो. अंदाज बांधता येत नाही तो घर ते स्थानक या टप्प्याचा. मेट्रोची कामे, अवजड वाहने आणि माजिवडा-कापूरबावडीचे जंक्शन यांमुळे हे अंतर एखाद्या दिवशी अर्ध्या तासात पार पडते, तर एखाद्या दिवशी त्याला लोकलच्या संपूर्ण प्रवासाइतकाच वेळ लागतो. आणि गायमुख घाटात दुरुस्ती निघाली की वाहनांची रांग मागे आमच्या सोसायटीच्या दारापर्यंत येते. संध्याकाळी ठाणे स्थानकाबाहेरच्या सॅटिस पुलावर बसच्या रांगेत उभे असताना मुलाचा फोन येतो, गणिताच्या वहीतले उदाहरण अडलेले असते, आणि मी ते रांगेत पुढे सरकत फोनवरच समजावून सांगतो. घरी पोहोचेपर्यंत तो झोपलेला असतो. घर बदलण्याचे खरे कारण हेच आहे.

'मेट्रो येईपर्यंत थांबा' असे अनेकांनी सुचवले. परंतु वडाळा ते कासारवडवली ही मेट्रो ४ तीन हात नाक्यावरून जाते, ठाणे स्थानकाला थेट जोडलेली नाही आणि वडाळ्याहून फोर्टला जाण्यासाठी मला पुन्हा गाडी बदलावी लागेल. स्थानकाला जोडणाऱ्या २९ किलोमीटरच्या ठाणे अंतर्गत वर्तुळाकार मेट्रोला केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली असली, तरी ती पूर्ण होण्यासाठी २०२९ चे उद्दिष्ट आहे. मुलाचे प्राथमिक शिक्षण तोपर्यंत संपलेले असेल.

माझा स्वतःचा कल कोपरीकडे, म्हणजे ठाणे पूर्वेकडे आहे. स्थानक चालत गाठता येईल, ऐरोलीला जाणाऱ्या ट्रान्स-हार्बर गाड्या पूर्वेकडच्याच फलाटांवरून सुटतात, आणि मुलाची शाळा पाचपाखाडीत असल्याने ती बदलावी लागणार नाही. अडचण आहे ती इमारतींची. आम्ही पाहिलेल्या बहुतेक इमारती जुन्या, लिफ्ट नसलेल्या किंवा पुनर्विकासाच्या वाटेवर असलेल्या होत्या, आणि आईसाठी लिफ्ट ही आमची पहिली अट आहे.

आईला नेरूळ आवडले. तिथले रुंद पदपथ आणि ज्वेल ऑफ नवी मुंबई उद्यानात फिरायला मिळेल हा तिचा मुद्दा मला मनापासून पटतो, आणि पत्नीलाही तिथून ऐरोलीला गाडी न बदलता जाता येते. परंतु हार्बर मार्गावर जलद लोकल नाही. प्रत्येक स्थानकावर थांबत सीएसएमटी गाठायचे म्हणजे गाडीतच साधारण एक तास जातो, आणि मुलाची शाळाही बदलावी लागेल.

दादरचा आग्रह पत्नीचा आहे. तिचे म्हणणे असे की दोघांपैकी निदान एकाने तरी सातपर्यंत घरी असावे, आणि तिला स्वतःला सकाळी ठाण्याकडे, म्हणजे गर्दीच्या उलट दिशेने, जावे लागेल. मात्र ३५ हजार रुपये भाड्यात तिथे आम्हाला जुन्या इमारतीतले, वरच्या मजल्यावरचे लहानसे घरच दाखवण्यात आले. चार माणसांना, त्यात आईला, अशा जागेत ठेवणे मला योग्य वाटत नाही.

या तीनपैकी एखाद्या ठिकाणी राहून नोकरी करणाऱ्यांनी कृपया स्वानुभव कळवावा. कोपरीत स्थानकापासून चालण्याच्या अंतरावर लिफ्ट असलेले घर या भाड्यात मिळू शकते का, आणि तेथील जुन्या इमारतींना पाणी पुरेसे येते का? पुनर्विकासाच्या चर्चेत असलेल्या इमारतीत भाड्याने राहताना मुदतीपूर्वी घर सोडावे लागू नये, यासाठी करारात कोणती अट घालून घ्यावी? तसेच संध्याकाळी सातनंतर ऐरोलीहून ठाण्याकडे येणाऱ्या गाड्यांत महिलांच्या डब्यात चढता येण्याइतकी जागा असते का, हे त्या मार्गाने रोज येणाऱ्या भगिनींनी सांगितल्यास आमचा निर्णय बराच सोपा होईल.