घोडीची काळजी घेतो, स्वतःची राहिली : स्वाराने नेमका व्यायाम कोणता करावा?

होटगीरोडकर
नमस्कार मंडळी. वय ४३, टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाचं काम, दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीत. चार वर्षांपूर्वी अकलूजच्या घोडेबाजारातून मारवाडी घोडी आणली, चंद्री. होटगी रोडला मित्राच्या मळ्यात असते. खुराक, खरारा, नाल, लसी, सगळं वेळच्या वेळी. माझा रक्तदाब मात्र दोन वर्षांत तपासलेला नाही.

मे महिन्यातल्या एका रविवारी पहाटे निघायचं ते साडेआठला निघालो. पोटात फक्त चहा. आपल्याकडचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे, नऊलाच अंग भाजतं. परतताना दुडक्या चालीत डोळ्यांसमोर अंधारी आली आणि तोल सावरायला मी लगामालाच लोंबकळलो. चंद्री मान झटकून जागच्या जागी थांबली, पळाली नाही. खाली उतरून पाहिलं तर ओठाच्या कोपऱ्यात, लगामाची कडी बसते तिथे, कातडं सोललेलं, लाळेत रक्ताची बारीक रेघ. दम माझा संपला आणि जखम तिला झाली. ते दृश्य मनातून जात नाही.

जनावरांच्या डॉक्टरांनी पाठ चाचपली. डाव्या बाजूला, खोगीर बसतं तिथे, बोट टेकलं की कातडी थरथरते. माझं वजन ८४ किलो. रपेट हाच व्यायाम, वेगळं काही करायला नको, असं सगळे सांगतात. खरंच तेवढं पुरतं का?

नीरेकाठचा
दादा, तोंड आणि पाठ दोन्ही बरं होईपर्यंत खोगीर-लगाम खुंटीला.

आमच्या घरात तीन पिढ्या घोडी आहेत. वारीतलं सदाशिवनगरचं, खुडूसचं रिंगण पोरवयापासून बघतोय. माउलींच्या अश्वावर कुणी बसत नाही, पण दुसऱ्या अश्वावरचा स्वार नीट बघा. घोडं चौखूर सुटलेलं आणि एका हातात जरीपटका. लगामाला धरून तोल सावरायची सोयच नाही. तो बसतो मांड्यांच्या आणि कमरेच्या जोरावर. मांड म्हणतात ती हीच, आणि ती नुसत्या रविवारच्या रपेटीने येत नाही.

डाव्या बाजूचं एक कारण सांगतो. आपण जन्मभर डावीकडूनच चढतो. त्या बाजूच्या, पाय अडकवायच्या रिकिबीचा पट्टा ताणून लांब होतो, चढताना खोगीरही त्याच अंगाला ओढलं जातं. दोन्ही पट्टे काढून एका खिळ्याला शेजारी शेजारी टांगा, फरक दिसेल. महिन्याला त्यांची अदलाबदल करा आणि ओट्यावरून चढा. दुसरं, खोगिरासकट स्वाराचं ओझं घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यावर जाऊ नये, असा ढोबळ हिशेब आहे. घोडीला एकदा वजनकाट्यावर न्या.

पाठकणा
मी फिजिओथेरपिस्ट, सोलापूरचीच, स्वतःही घोड्यावर बसते. सगळ्यात आधी : अंधारी आली होती, तेव्हा डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुन्हा बसू नका. घोड्यावर शुद्ध गेली तर हेल्मेट डोकं वाचवेल, मान वाचवेलच असं नाही.

रपेट पुरत नाही. दिवसभर खुर्चीत बसून जांघेतले स्नायू आखडतात. मग घोड्यावर गुडघा वर चढतो, टाच उचलली जाते, धड पुढे कलतं आणि उरलेला तोल हात लगामावर शोधतात. तुमच्या घोडीच्या ओठाची जखम त्या खुर्चीतून सुरू झाली, असं माझं मत आहे.

रोज अर्धा तास झपझप चाला, दम त्यानेच वाढेल. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा हळूहळू खाली सोडा. कमरेसाठी प्लँक, मांड्यांसाठी बैठका. आणि दात घासताना एका पायावर उभे राहा, दोन्ही पायांचे सेकंद मोजा. ज्याच्या एका पायात जोर कमी, तो घोड्याच्या पाठीवरही एका अंगाला झुकतो.

रिकाम्या पोटी बसायचं नाही. अर्धी ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, दही एवढं तरी तासभर आधी. उन्हाळ्यात सातच्या आत परत या. ताकात मीठ घालून न्यायचं की नाही ते आधी रक्तदाब बघून ठरवा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं? तबेल्यात वावरणाऱ्याने ते चुकवू नये.

होटगीरोडकर
दोघांचेही मनापासून आभार. पट्टे टांगून पाहिले, डावा जवळजवळ एक इंच लांब. इतकी वर्षं मी तो रोज हाताळतोय आणि कधी ध्यानात आलं नाही. डाव्या पायावर ३१ सेकंद उभा राहिलो, उजव्यावर ९.

चंद्रीला ट्रकच्या काट्यावर नेलं. अंदाजे ४०५ किलो. पाचवा हिस्सा ८१, खोगीर ९ किलोचं, म्हणजे मी ७२ च्या आत हवा. बारा किलो जास्त आहे मी. रक्तदाब वाढलेला निघाला, गोळी सुरू झाली. धनुर्वाताचंही घेऊन टाकलं.

सध्या पहाटे साडेपाचला मळ्यात जातो. तिला नुसती मोरकी, म्हणजे कडी नसलेली दोरी घालतो, आणि बांधाच्या कडेने दोघं पाऊण तास चालतो. चढावर मी मागे पडलो की ती थांबते. ओठाचा कोपरा भरत आलाय, कोवळं गुलाबी कातडं धरलंय.

नीरेकाठचा
नवीन कातडं आहे, खोबरेल लावा आणि अजून पंधरा दिवस तरी कडी तोंडात घालू नका.